पांढऱ्यावर पांढरे : संकेतस्थळ नजरेस आणण्याच्या सरळ आणि वाकड्या वाटांचा इतिहास

मराठीत लिहिण्याला ‘पांढऱ्यावर काळे करणे’ असे म्हणतात. महाजालाच्या पहिल्या दशकात मात्र काही चतुर मंडळींनी पांढऱ्यावर पांढरे करण्याची विद्या शोधून काढली. संकेतस्थळाच्या पांढऱ्या पानावर पांढऱ्याच अक्षरांत शेकडो शब्द लिहून ठेवायचे. वाचकाला ती जागा कोरी दिसे. शोधयंत्र, म्हणजेच सर्च इंजिन, मात्र ती अक्षरे वाचत असे आणि ते पान त्या विषयाचे मोठे भांडार आहे असे समजून त्याला वरच्या क्रमांकावर नेऊन बसवत असे.

जुलै २०२५ मध्ये हीच विद्या विज्ञानाच्या दारात पुन्हा दिसली. परीक्षणापूर्वीच सर्वांसाठी खुल्या केलेल्या शोधनिबंधांना प्रीप्रिंट म्हणतात. ८ देशांतील १४ संस्थांशी निगडित अशा १७ प्रीप्रिंटमध्ये लपवलेल्या सूचना आढळल्याचे वृत्त ‘निक्केई’ या जपानी वृत्तसमूहाने दिले. पांढऱ्या किंवा अतिसूक्ष्म अक्षरांतील त्या सूचना माणसासाठी लिहिलेल्याच नव्हत्या. एखाद्या परीक्षकाने स्वतः न वाचता निबंध कृत्रिम बुद्धिमत्तेच्या हवाली केला, तर त्या यंत्राने केवळ अनुकूल अभिप्राय द्यावा, असा त्यांचा आशय होता.

या दोन घटनांमध्ये सुमारे तीस वर्षांचे अंतर आहे. त्या तीस वर्षांचा इतिहास वरवर पाहता व्यापाराचा वाटतो. मुळात तो विज्ञानाचा आहे. संकेतस्थळाची योग्यता मोजण्याची पद्धत शोधनिबंधांच्या संदर्भसूचीतून आली. महाजालावर त्या पद्धतीचा बाजार भरला. त्या बाजारातील युक्त्यांसारख्याच युक्त्या पुढे ज्ञानव्यवहारातही रुजल्या. या प्रवासात भारतीय संशोधकांनी मोलाची भर घातली आणि भारतीय विद्यापीठांनी त्याची किंमतही मोजली.

स्वतःची ओळख स्वतःच्या शब्दांत

टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत जगातील पहिले संकेतस्थळ उभारले, ते १९९१ साली सर्वांसाठी खुले झाले. त्यानंतरची दोन-तीन वर्षे नवे स्थळ नजरेस आणण्याचा मार्ग साधा होता : यादी ठेवणाऱ्याला कळवायचे. मोझेक ब्राउझर घडवणारी अमेरिकेतील एनसीएसए ही संस्था नव्या स्थळांची यादी प्रसिद्ध करत असे. १९९४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरी यांग आणि डेव्हिड फिलो या विद्यार्थ्यांनी आपल्या आवडीच्या स्थळांची विषयवार सूची केली. तीच पुढे ‘याहू’ या नावाने प्रसिद्धीस आली. ही कामे ग्रंथपालाच्या जातकुळीची होती. ग्रंथाला त्याचा योग्य वाचक मिळवून देणे हे ग्रंथालयाचे कर्तव्य आहे, हा विचार शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्येच सूत्ररूपाने मांडला होता. सूचीकार पान उघडत, वाचत आणि योग्य कप्प्यात ठेवत.

पाने वाढली तशी माणसांची पोच अपुरी पडू लागली. मार्टिन कोस्टर यांनी १९९३ मध्ये ‘अलीवेब’ हे शोधसाधन मांडले. त्यात प्रत्येक स्थळाच्या चालकाने आपल्या पानांचे वर्णन स्वतः लिहून द्यावे, अशी योजना होती. डिसेंबर १९९५ मध्ये ‘अल्टाव्हिस्टा’ आले आणि लाखो पानांतील शब्दन्‌शब्द क्षणात शोधता येऊ लागला. त्या काळच्या शोधयंत्रांची भिस्त मुख्यतः पानावरच्या शब्दांवर होती. विचारलेला शब्द पानात किती वेळा येतो, शीर्षकात येतो का, चालकाने भरलेल्या ‘कीवर्ड’च्या रकान्यात आहे का, हे पाहून क्रम ठरत असे.

या रचनेतील दुबळेपणा उघड होता. प्रत्येक पान स्वतःविषयी जे सांगत असे, त्यावर यंत्र विश्वास ठेवत असे. त्यामुळे कीवर्डचा रकाना शब्दांनी खच्चून भरणे, एकच शब्द शंभरदा लिहिणे, विषयाशी संबंध नसलेली लोकप्रिय नावे पेरणे, आणि शेवटी पांढऱ्यावर पांढरे करणे, असा क्रम सुरू झाला. साक्षीदार, वकील आणि पक्षकार एकच असतील तर निकालाला काय अर्थ उरणार? पुढे गूगलने सप्टेंबर २००९ मध्ये जाहीरपणे सांगितले की, क्रमवारी ठरवताना कीवर्डचा तो रकाना विचारातच घेतला जात नाही. प्रामाणिक वर्णनासाठी ठेवलेली जागा लबाडीने इतकी मळली होती की ती सोडून देणेच शहाणपणाचे ठरले.

संदर्भाचे वजन

पान स्वतःविषयी काय म्हणते यापेक्षा इतर लोक त्या पानाविषयी काय म्हणतात, हे पाहावे, ही कल्पना महाजालापेक्षा जुनी आहे. अमेरिकेतील वकील एकोणिसाव्या शतकापासून ‘शेपर्ड’ सूची वापरत. एखाद्या निकालाचा आधार पुढील कोणत्या निकालांनी घेतला, हे तीत नोंदलेले असे. युजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात लेख लिहून हीच पद्धत विज्ञानाला लावण्याची सूचना केली. त्यांच्या प्रयत्नांतून १९६४ मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ प्रसिद्ध झाला. कोणता निबंध पुढे कुणी आधाराला घेतला, हे आता शोधता येऊ लागले. १९७६ मध्ये गॅब्रिएल पिन्स्की आणि फ्रान्सिस नारिन यांनी आणखी एक पाऊल टाकले. सर्व संदर्भ सारखे मोजू नयेत. ज्या नियतकालिकाला स्वतःला मान आहे, त्याने दिलेल्या संदर्भाचे वजन अधिक धरावे, असे गणित त्यांनी मांडले.

स्टॅनफर्डमध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात हा विचार संकेतस्थळांना लावला. एका पानावरून दुसऱ्या पानाकडे जाणारा दुवा, म्हणजे लिंक, हा एक संदर्भच आहे, असे त्यांनी मानले. ‘पेजरँक’ या नावाने मांडलेल्या या पद्धतीच्या मूळ निबंधावर चार नावे आहेत : पेज, ब्रिन, टेरी विनोग्राड आणि राजीव मोटवानी. जम्मूत जन्मलेले आणि आयआयटी कानपूरमध्ये संगणकशास्त्र शिकलेले मोटवानी स्टॅनफर्डमध्ये प्राध्यापक होते. सैद्धान्तिक संगणकशास्त्रातील मानाचे गोडेल पारितोषिक त्यांना २००१ मध्ये विभागून मिळाले. २००९ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले.

पेजरँकमागील कल्पना अशी. एखादा वाचक महाजालावर निरुद्देश भटकतो आहे. शंभरातल्या ८५ वेळा तो समोरच्या पानावरील कोणताही एक दुवा धरून पुढे जातो. उरलेल्या १५ वेळा कंटाळून कुठल्याही भलत्याच पानावर उडी मारतो. असे अनंत काळ भटकत राहिल्यास तो ज्या पानावर अधिक वेळा सापडेल, ते पान अधिक वजनाचे. प्रत्येक पान आपले वजन आपण दिलेल्या दुव्यांत समान वाटते. म्हणूनच शंभर ठिकाणी शिफारसपत्रे वाटणाऱ्याच्या एका पत्राला थोडे मोल, आणि मोजकेच बोलणाऱ्या प्रतिष्ठिताच्या शब्दाला अधिक.

या पद्धतीचा गाभा नैतिक आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. दुवा देणाऱ्याला त्यातून काही मिळत नाही, पान उपयोगी वाटले म्हणूनच तो दुवा देतो, असे त्यात गृहीत धरले होते. ही निरपेक्षता होती तोवर गणित खरे होते.

दुव्यांची शेती

गूगल कंपनी सप्टेंबर १९९८ मध्ये स्थापन झाली. तिची क्रमवारी लोकांना पटू लागली तसतसे वरच्या क्रमांकाला पैशाचे मोल आले, आणि त्या क्रमांकाकडे नेणाऱ्या दुव्यालाही आले. दुवे विकत मिळू लागले. अनोळखी स्थळांच्या अभिप्राय-वह्यांत यंत्राने हजारो दुवे टाकले जाऊ लागले. आणि ‘लिंक फार्म’, म्हणजे दुव्यांची शेती, उगवली.

या शेतीचे गणित विद्यार्थ्यांनी एकदा कागदावर करून पाहावे. पेजरँकच्या मूळ सूत्रात सरासरी पानाचे वजन १ धरले, तर ज्याच्याकडे एकही दुवा येत नाही अशा अगदी निरुपयोगी पानालाही त्या १५ टक्के उड्यांमुळे ०.१५ इतके वजन मिळतेच. आता कुणी अशी १००० निरुपयोगी पाने तयार केली आणि प्रत्येकावर एकच दुवा ठेवला, तोही आपल्या दुकानाच्या पानाकडे. त्या १००० पानांचे मिळून वजन १५०. त्याचा ८५ टक्के हिस्सा, म्हणजे १२७.५, दुकानाच्या पानाकडे जातो. कुणीही मनापासून शिफारस केलेली नसताना ते पान सरासरीच्या सव्वाशे पटींहून वजनदार होते. गणित चुकलेले नाही. त्याच्या मागचे गृहीतक मोडले आहे. शिफारस करणारी हजार माणसे नाहीतच. एकाच माणसाने हजार मुखवटे घातले आहेत.

मोठ्या नावांनाही हा मोह आवरला नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये गूगलने बीएमडब्ल्यूचे जर्मन संकेतस्थळ काही दिवस आपल्या सूचीतून काढून टाकले. शोधयंत्राला एक पान आणि ग्राहकाला दुसरेच पान दाखवण्याची योजना त्या स्थळावर आढळली होती. फेब्रुवारी २०११ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने जे. सी. पेनी या अमेरिकी दुकानसाखळीचे प्रकरण उघडकीस आणले. कपड्यांशी काडीचाही संबंध नसलेल्या असंख्य स्थळांवर तिच्या पानांचे दुवे पेरलेले होते. कंपनीने याची कल्पना नसल्याचे सांगितले आणि हे काम पाहणाऱ्या सल्लागार संस्थेला दूर केले. गूगलने तिची पाने क्रमवारीत खाली ढकलली.

चाळणी बसवणारे

एकाच मालकाच्या अनेक पानांनी दिलेली मते स्वतंत्र धरू नयेत, हा विचार फार लवकर मांडणाऱ्यांत आयआयटी मद्रासचे माजी विद्यार्थी कृष्ण भरत होते. १९९८ मध्ये मोनिका हेन्झिंगर यांच्यासह लिहिलेल्या निबंधात त्यांनी एकमेकांना उचलून धरणाऱ्या स्थळांचे वजन कमी करण्याची रीत सुचवली. पुढे ‘हिलटॉप’ या पद्धतीत, विषयाच्या जाणकार पानांनी दिलेले आणि परस्परांशी संबंध नसलेले दुवेच मोजावेत, असा आग्रह त्यांनी धरला.

२००४ मध्ये स्टॅनफर्डच्या झोल्टान ग्योंग्यी आणि हेक्टर गार्सिया-मोलिना यांनी याहूच्या यान पेडरसन यांच्यासह ‘ट्रस्टरँक’ मांडले. त्यात भटक्या वाचकाची ती १५ टक्के उडी कुठेही पडत नाही. माणसांनी तपासून निवडलेल्या मोजक्या विश्वासू स्थळांवरच पडते. विश्वास तिथून दुव्यादुव्याने झिरपत जातो. दुव्यांच्या शेताकडे एकही चांगले पान बोट दाखवत नसल्याने तिथवर थेंबही पोहोचत नाही, आणि मघाचे ०.१५ शून्यावर येते. पुढच्याच वर्षी, जानेवारी २००५ मध्ये, प्रमुख शोधयंत्रांनी ‘नोफॉलो’ ही खूण स्वीकारली. ती लावलेला दुवा वाचकासाठी उपलब्ध राहतो. तो मत म्हणून मोजू नये, असा त्या खुणेचा मूळ अर्थ होता. २००७ पासून विकिपीडियातील बाहेरच्या दुव्यांना ही खूण लावली जाते. त्यामुळे ज्ञानकोशात केवळ क्रमांकासाठी घुसवलेल्या दुव्याचे प्रयोजन बरेचसे संपले.

गूगलच्या क्रमवारीची धुरा या काळात दीर्घकाळ अमित सिंघल यांच्याकडे होती. झाशीत जन्मलेले आणि रुडकीत अभियांत्रिकी शिकलेले सिंघल हे माहितीशोधशास्त्राचे अध्वर्यू जेरार्ड सॉल्टन यांचे कॉर्नेलमधील विद्यार्थी. २०११ च्या फेब्रुवारीत आलेला ‘पांडा’ हा बदल प्राण्यावरून नव्हे, तर नवनीत पांडा या अभियंत्यावरून ओळखला जातो. कुठून तरी उचललेला, पातळ, केवळ शोधयंत्रासाठी लिहिलेला मजकूर खाली ढकलणे हे त्याचे काम. अमेरिकेतील ११.८ टक्के शोधांच्या निकालांत त्यामुळे फरक पडल्याचे कंपनीने सांगितले. एप्रिल २०१२ मध्ये आलेल्या ‘पेंग्विन’ने विकत घेतलेल्या आणि पेरलेल्या दुव्यांकडे मोर्चा वळवला. एका रात्रीत अनेक स्थळे दिसेनाशी झाली. त्यांत सरळ मार्गाने चालणारी काही स्थळेही भरडली गेली, हे नमूद करायला हवे. कोणत्याही चाळणीतून काही कोंडा खाली उतरतो आणि काही धान्य वर अडकते.

सरळ वाट कोणती

मग प्रामाणिक मार्ग कोणता? शोधयंत्राला आपले पान वाचता यावे यासाठी कष्ट घेणे यात काहीही गैर नाही. पानाला आशयाशी जुळणारे शीर्षक देणे, चित्राखाली त्याचे शब्दवर्णन लिहिणे, पाने लवकर उघडतील असे पाहणे, २००५ पासून रूढ झालेल्या ‘साइटमॅप’ या पद्धतीने आपल्या पानांची यादी देणे, ही सर्व दुकानाची पाटी स्वच्छ ठेवण्यासारखी कामे आहेत. चित्राचे शब्दवर्णन शोधयंत्राच्या उपयोगाचे आहेच. दृष्टिहीन वाचकाच्या वाचनयंत्रालाही तेच लागते. प्रामाणिक उपायांची ही खूणच म्हणावी : शोधयंत्र उद्या बंद पडले तरी त्यांचा वाचकाला उपयोग होत राहतो.

भारतीय भाषांच्या बाबतीत हा प्रश्न निराळ्या रूपात उभा राहिला. इथे अडचण लबाडीची नव्हती, अदृश्यतेची होती. महाजालाच्या सुरुवातीच्या वर्षांत हिंदी, मराठी, तमिळ, बंगाली अशा भाषांची बहुतेक स्थळे आपापले खासगी फाँट वापरत. पडद्यावर ‘क’ दिसे. संगणकाच्या लेखी तिथे रोमन लिपीतील एखादे अक्षर किंवा चिन्ह असे, आणि प्रत्येक फाँटमध्ये ते वेगळे असे. शोधयंत्राला तो मजकूर म्हणजे निरर्थक अक्षरांची रास वाटे. पांढऱ्यावर पांढरे करणाऱ्यांना जे फक्त यंत्राला दाखवायचे होते, त्याच्या नेमके उलट इथे घडत होते : माणसाला सारे दिसत होते आणि यंत्र आंधळे होते.

यावरचा उपाय पुरेसा आधी तयार होता. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि पुण्याच्या सी-डॅकमध्ये पुढे गेलेले काम, तसेच १९८८ आणि १९९१ मधील ‘इस्की’ ही भारतीय लिप्यांची प्रमाण संकेतावली, यांतून प्रत्येक अक्षराला एक ठरलेला क्रमांक मिळाला होता. युनिकोडमधील देवनागरीचा विभाग इस्कीच्याच आधारे रचला गेला. वृत्तपत्रे आणि कार्यालये युनिकोडकडे वळली तेव्हा कुठे भारतीय भाषांतील मजकूर शोधात सापडू लागला. त्यातही बारकावे उरले. मराठीतील ‘दऱ्या’ या शब्दातला अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. डोळ्यांना शब्द एकच दिसतो. संगणकाला मात्र, खास व्यवस्था केली नसेल, तर ते दोन वेगळे शब्द वाटतात. आजही अनेक परिपत्रके आणि अहवाल केवळ छायाचित्र म्हणून चढवले जातात, आणि त्यांतील शब्द शोधात येत नाहीत. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने २००९ पासून सरकारी संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत, त्या या दृष्टीनेही महत्त्वाच्या आहेत. सत्य माहिती वाचता येईल अशा रूपात ठेवली नाही, तर तिची रिकामी जागा दुसरेच कुणी भरते.

पैसा आणि पाटी

पैसे देऊन नजरेस येणे ही लबाडी आहे काय? १९९८ मध्ये ‘गोटू’ या शोधयंत्राने क्रमांकाची उघड बोली लावली. जो अधिक पैसे देईल तो वर. त्याच वर्षी पेज आणि ब्रिन यांनी आपल्या निबंधात, जाहिरातींवर जगणारे शोधयंत्र जाहिरातदाराकडे झुकण्याचा धोका असतो, असा इशारा दिला होता. गूगलची कंपनी पुढे जाहिरातींवरच मोठी झाली, हा इतिहासातला विरोधाभास. जाहिरात गैर नाही. ती जाहिरात आहे हे लपवणे गैर. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००२ मध्ये शोधयंत्रांना नेमके हेच बजावले. भारतात २०१२ मधील तक्रारींवरून भारतीय स्पर्धा आयोगाने गूगलची चौकशी केली. स्वतःच्या विमानप्रवास-शोधाला निकालात ठळक जागा देण्यासारख्या बाबींवरून आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये १३५.८६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. क्रम लावणाऱ्याचा स्वतःचाही माल दुकानात असेल, तर त्याच्याही हातावर नजर ठेवावी लागते, असा त्या आदेशाचा धडा होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ऑनलाइन ग्राहक-अभिप्रायांसाठी ‘आयएस १९०००’ हे मानक आणले, आणि २०२३ च्या अखेरीस केंद्र सरकारने जाहीर केलेल्या फसव्या रचनांच्या यादीत छुप्या जाहिरातीचा समावेश झाला.

विज्ञानाकडे परत

दुव्यांची शेती करणाऱ्यांनी जे केले, तेच ज्ञानाच्या क्षेत्रातही घडले. गारफील्ड यांच्या सूचीतून ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ निघाला. नेमणुका आणि बढत्या संदर्भांच्या आणि निबंधांच्या संख्येवर बेतल्या जाऊ लागल्या. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी प्रकाशित निबंधांना गुण दिले. गुण आले आणि मागणी वाढली. मागणी वाढली आणि पुरवठादार उगवले. एखादे संकेतस्थळ, भारदस्त आंतरराष्ट्रीय नाव, दर्जा मोजणारा एखादा बनावट आकडा आणि शुल्काचा रकाना, एवढ्या भांडवलावर ‘नियतकालिक’ उभे राहू लागले.

२०१३ च्या ऑक्टोबरमध्ये जॉन बोहॅनन यांनी ‘सायन्स’मध्ये एका प्रयोगाचा वृत्तान्त दिला. जाणूनबुजून ढोबळ चुका पेरलेला निबंध त्यांनी ३०४ खुल्या नियतकालिकांना पाठवला. १५७ जणांनी तो स्वीकारला. त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश नियतकालिकांचे धागे भारताकडे जात होते, आणि त्या भारतीय गटात ६४ जणांनी निबंध स्वीकारला, १५ जणांनी नाकारला. मार्च २०१९ मध्ये अमेरिकी न्यायालयाने हैदराबादच्या ओमिक्स समूहाविरुद्ध ५ कोटी डॉलरहून अधिक रकमेचा निकाल दिला. परीक्षणाविषयीचे फसवे दावे, लपवलेले शुल्क आणि संमतीविना वापरलेली शास्त्रज्ञांची नावे, हे त्या प्रकरणातील आरोप होते.

पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाशी संबंधित भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आयोगाच्याच मान्यताप्राप्त यादीची चिकित्सा प्रसिद्ध केली. विद्यापीठांच्या शिफारशीवरून यादीत आलेल्या नियतकालिकांपैकी १००९ त्यांनी तपासली. ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असावीत, असा निष्कर्ष निघाला. सुमारे निम्म्यांनी चुकीचा नोंदणी क्रमांक किंवा दर्जाविषयीचे खोटे दावे यांसारखी असत्य माहिती दिली होती. मे २०१८ मध्ये आयोगाने ४३०५ नियतकालिके यादीतून वगळली. त्यानंतर पुण्याच्याच केंद्रातून ‘केअर’ यादीचे काम चालले. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने तीही बंद केली आणि पारखण्याची जबाबदारी मार्गदर्शक निकषांसह संस्थांवर सोपवली.

याद्यांचे हे येणे-जाणे आणि शोधयंत्रांच्या चाळण्यांचे बदलणे यांत एकच सूत्र आहे. एखादी खूण आदराची म्हणून मोजली जाऊ लागली की ती विकली जाऊ लागते, आणि विकली जाऊ लागली की आदराची खूण राहत नाही. यातील नुकसान आकड्यांपुरते नसते. रोग्याचा नातलग रात्री औषधाविषयी शोध घेतो तेव्हा वर येणारे पान विकत घेतलेल्या दुव्यांवर उभे असेल, किंवा एखादा विद्यार्थी बनावट नियतकालिकातील निष्कर्षावर आपल्या प्रबंधाचा पाया घालत असेल, तर फसवले गेलेले यंत्र नसते, माणूस असतो.

पुढचा टप्पा

आता प्रश्नाचे उत्तर दुव्यांच्या यादीऐवजी यंत्राने रचलेल्या परिच्छेदात मिळू लागले आहे. त्या परिच्छेदात आपल्या स्थळाचा उल्लेख यावा, ही नवी धडपड आहे. प्रिन्स्टन, आयआयटी दिल्ली आणि अन्य संस्थांतील संशोधकांनी २०२४ मध्ये मांडलेल्या अभ्यासात, पानावर स्रोतांचे उल्लेख, आकडेवारी आणि अवतरणे घातल्यास अशा उत्तरांतील दृश्यता ४० टक्क्यांपर्यंत वाढू शकते, असे आढळले. शब्दांचा जुना भडिमार तिथे कामी आला नाही. निष्कर्ष आशादायक वाटतो, कारण आधार देणाऱ्या लेखनाला मान मिळतो आहे. पण आकडा आणि अवतरण रचून घालणेही अवघड नाही. आधाराची खूण पुन्हा एकदा बाजारात आली आहे. मार्च २०२४ मध्ये गूगलने, यंत्राने असो वा माणसाने, केवळ क्रमांकासाठी घाऊक प्रमाणात तयार केलेल्या मजकुराविरुद्ध धोरण जाहीर केले, तेही याच लढ्याचा भाग आहे.

प्रामाणिक आणि अप्रामाणिक वाटांमधील भेद तंत्रात शोधून सापडणार नाही. दुवा दोन्हीकडे सारखाच असतो, आकडाही सारखाच. भेद इतकाच की एका ठिकाणी तो कुणीतरी वाचून दिलेला असतो, आणि दुसऱ्या ठिकाणी न वाचताच. पुण्यातील अभ्यासकांनी १००९ नियतकालिकांचे पत्ते, संपादक आणि दावे एकेक करून पडताळले. १९९४ च्या सूचीकारांनीही पाने उघडून वाचली होती. पेजरँक, ट्रस्टरँक, पांडा, केअर यादी ही सारी त्या वाचनाचा हिशेब ठेवण्याची साधने आहेत, वाचनाला पर्याय नव्हेत. ज्या विद्यापीठात निवड समितीसमोर उमेदवाराचे निबंध मोजले जातील पण उघडले जाणार नाहीत, तिथे पांढऱ्यावर पांढरे करणाऱ्याला कोणतीच यादी अडवू शकणार नाही.